अर्धे सूत

आमच्या गोठ्याच्या आढ्याला एक जुनी सायकल टांगलेली आहे. १९७८ साली पहिली संकरित गाय दावणीला आली, त्याच वर्षी दूध घालायला म्हणून ती घेतली. काळी, बावीस इंची, चेनीला पत्र्याचे पूर्ण कव्हर, मागे जाड सळईचे कॅरिअर. सकाळ-संध्याकाळ दोन्ही अंगांना कॅन अडकवायचे आणि तीन किलोमीटरवरच्या संकलन केंद्राची वाट धरायची. पावसाळ्यात त्या वाटेवर काळ्या रानाचा चिखल असा धरायचा, की मडगार्ड आणि टायर यांच्यामध्ये काडी घालून तो उकरावा लागे.

या सायकलीविषयी माझे एक वाक्य ठरलेले होते. "वीस वर्षं दूध वाहिलं, पण चेन एकदाबी बदलली न्हाई. चेन बदलायची नसती, तिला तेल पाजायचं असतं." हे मी पाहुण्यांना ऐकवले, जावयांना ऐकवले, नातवंडांना किती वेळा ऐकवले याची गणती नाही. त्या वाक्यापायी माझ्या नातीचा हात मोडला, म्हणून हे लिहायला बसलो आहे.

नात २०२३ च्या जूनमध्ये अकरावीला गेली. कॉलेज तालुक्याच्या गावी, घरापासून नऊ किलोमीटर. एस.टी. आहे, पण ती पोहोचते तेव्हा पहिला तास संपत आलेला असतो. तिच्या मामाने पुण्याहून गिअरची नवी सायकल पाठवली. डोंगरात चालवायची म्हणतात ती जात : जाड टायर, पुढे शॉकअप, पायडलापाशी तीन दातेरी चकत्या आणि मागच्या चाकाला एकीला एक लागून आठ. चेनीला कव्हर मात्र नाही. मी बघताक्षणी म्हणालो, "एवढी महागाची सायकल आणि चेन उघडी?" नात हसली. "आबा, चेन एका चकतीवरून दुसरीवर उडी मारते. कव्हर घातलं तर जाईल कुठं?"

पहिले वर्ष सुरळीत गेले. पोरगी रोज अठरा किलोमीटर सायकल मारायची. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर साडेचारशे किलोमीटर होतात. हा हिशेब मी आता मांडतो आहे. तेव्हा तो मांडला असता तर बरे झाले असते.

बारावीच्या गणपतीनंतर ती म्हणू लागली, "आबा, जोर दिला की चेन घसरते. दुकानदार म्हणतो चेन बदला. सहाशे रुपये लागतील." मी माझे वाक्य काढले. सहाशे रुपये म्हणजे खताच्या पोत्याला हात लागतो. ट्रॅक्टरचे काढलेले जळके ऑइल डब्यात होते, ते चिंधीने चेनीला भरपूर चोपडले. दोन दिवस आवाज गेला. मी मिशीत हसलो. तिसऱ्या दिवशी चेन पुन्हा करकरू लागली आणि पोरीच्या सलवारीला काळे डाग पडले ते निराळेच.

दिवाळीच्या सुट्टीत सूनबाईने आपल्या शिवणकामाच्या पैशातून सहाशे रुपये दिले. मीच सायकल घेऊन तालुक्याला गेलो. मिस्त्री तरुण होता. त्याने मागच्या चकत्यांवरून बोट फिरवले आणि म्हणाला, "आबा, नुसती चेन घालून भागायचं न्हाई. कॅसेटबी गेलीय." कॅसेट म्हटल्यावर मला गाण्याची कॅसेट आठवली. त्या आठ चकत्यांच्या जुडग्याला कॅसेट म्हणतात, हे मला तिथे कळले. तिची किंमत चेनीच्या अडीचपट. मी मनात म्हटले, आला हा मुद्द्यावर. चेनीसाठी आलेल्या म्हाताऱ्याच्या गळ्यात दुसरा माल मारतो आहे. "तू चेन घाल, बाकीचं मला शिकवू नगंस," असे चार माणसांत म्हणालो. त्याने मुकाट्याने चेन घातली आणि जुनी माझ्या हातात दिली. ती मी घरी आणून करडांच्या खोपटाच्या फाटकाला बांधली. लोखंड कधी टाकू नये, हीही माझीच शिकवण.

नवी चेन जुनीपेक्षा जास्त घसरू लागली. आता तुम्ही म्हणाल, हे कसे? मीही तेच म्हणालो, आणि मिस्त्रीला घरबसल्या लबाड ठरवून मोकळा झालो.

कॉलेजच्या वाटेवर कालव्याचा पूल आहे. पुलाआधी चढण आहे, लहानशीच. तेवढ्यासाठी नात गिअर बदलायची नाही, मधल्याच चकतीवर उभी राहून दोन-चार पायडल मारायची. नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा होता. कारखाना नुकताच सुरू झाला होता आणि रस्त्याने उसाच्या ट्रॉल्या चालू झाल्या होत्या. चढणीवर ती उभी राहिली, सगळा भार पायावर दिला, आणि चेन दातावरून सटकली. ज्या पायाखाली जोर होता तिथे क्षणात काहीच उरले नाही. ती हँडलवर आपटून रस्त्यावर पडली. मागे ट्रॉली होती. ट्रॅक्टरवाल्याने ब्रेक मारला. त्याचे पुढचे चाक पोरीच्या दप्तरापासून चार हातांवर थांबले. तो स्वतः तिला घरी घेऊन आला तेव्हा त्याचेच हातपाय कापत होते. त्याला चहाचा कपसुद्धा धरता येईना.

उजवे मनगट मोडले. सहा आठवडे प्लास्टर. फेब्रुवारीत बारावीची परीक्षा.

घरात बोलणी झाली ती सगळ्यांच्या घरात होतात तशीच. सायकल विकून टाका. पोरीच्या जातीला एवढ्या लांब सायकल कशाला? थोरला रात्रीची लाइट असते म्हणून रात्रभर उसाला पाणी धरी आणि सकाळी तसाच तांबारलेल्या डोळ्यांनी तिला मोटारसायकलवरून सोडायला जाई. तो म्हणाला, "यंदाचं वर्ष निभवू. पुढचं शिक्षण बघू." 'बघू' या शब्दाचा अर्थ आपल्या घरांतून काय होतो ते मुलींना चांगले कळते. नात काही बोलली नाही. डाव्या हाताने अक्षर गिरवीत बसली. ते बघवेना, तेव्हा मी उठलो आणि सायकल टेम्पोत घालून पुन्हा त्या मिस्त्रीकडे गेलो.

मी भांडायला गेलो होतो, हे कबूल करतो. त्याने भांडण होऊच दिले नाही. पोरीचे कसे आहे हे आधी विचारले. मग स्टीलची फूटपट्टी काढली.

"आबा, सूत म्हंजी किती, ठावं हाय?"

सुताराच्या आळीशेजारी वाढलेला माणूस मी. "इंचाचा आठवा भाग."

"मग बघा." चेन ताणून धरून त्याने एका पिनेच्या मध्यावर पट्टीचा शून्य ठेवला. चेनीच्या दोन शेजारच्या पिनांमध्ये बरोबर अर्धा इंच अंतर असते. माझ्या दूधवाल्या सायकलीलाही तेवढेच, नातीच्या सायकलीलाही तेवढेच. म्हणजे चोवीस कड्या मोजल्या की बरोबर बारा इंचांवर पुन्हा पिनेचा मध्य आला पाहिजे. "बारा इंचांच्या म्होरं पिन अर्ध सूत सरकली की गिअरच्या सायकलीची चेन बदलायची. एक सूत सरकेपर्यंत थांबला, तर ती चकत्याबी खाऊन बसलेली असती."

मी विचारले, "पण लोखंडाची चेन ताणती कशी?" तो म्हणाला ताणत नाहीच, झिजते. प्रत्येक सांध्यात पिन असते, तिच्याभोवती कड्यांची पत्री वळते. रोज हजारो वेळा तो सांधा वाकतो आणि सरळ होतो. पिन झिजली की सांध्यात फट पडते. एका सांध्याची फट माणसाच्या केसाच्या जाडीएवढी झाली, तरी चोवीस सांध्यांत मिळून अर्धे सूत होते. दिसायला काहीच दिसत नाही. चेन चकचकीत असते, तुटलेली नसते आणि आपण म्हणतो, काय झालंय तिला?

लांबलेली चेन दातांच्या खोबणीत बरोबर बसत नाही, दाताच्या अंगावर चढून बसते. त्याने हे सांगितले तेव्हा मला आमच्या आजोबांचा सहाबैली नांगर आठवला. सहाही बैल सारखे ओढत असले की कोणाच्याच खांद्याला कळ लागत नाही. साखळी एका जोडीला आखूड आणि बाकीच्यांना सैल झाली, की चार बैल नुसते चालतात आणि सगळे ओझे एका जोडीच्या मानेवर येते. चेनीचेही तसेच. सगळ्या दातांनी वाटून घ्यायचा भार एकदोन दातांवर पडतो. ते एका अंगाने खाल्ले जातात आणि विळ्याच्या टोकासारखे वाकडे होतात. मिस्त्रीने नातीच्या कॅसेटची मधली चकती नव्या चकतीशेजारी धरली, तेव्हा मला चष्मासुद्धा लागला नाही. ज्या चकतीवर पोरगी रोज चालायची तिचे दात आकड्यांसारखे झाले होते, सगळ्यांत मोठी चकती मात्र कोरीच होती.

आता नवी चेन जास्त का घसरली, याचेही उत्तर त्यातच होते. जुनी चेन आणि जुने दात एकमेकांना घासत घासत एकमेकांच्या मापाचे झालेले असतात. चाळीस वर्षांच्या संसारासारखे. वाकड्याला वाकडे बसते. तिथे अर्ध्या इंचाच्या नेमक्या मापाची नवी चेन आणली, की तिचे त्या दातांशी जमत नाही. सपाट रस्त्यावर निभते, जोर आला की उडते. चेन वेळेवर बदलली असती तर दोन, कधी तीन चेनी झिजेपर्यंत एक कॅसेट पुरली असती. मी सहाशे रुपये वाचवायला गेलो आणि त्याच्या अडीचपट घालवून बसलो. दवाखान्याचा हिशेब त्याहून वेगळा.

"मग अशी चेन टिकती तरी किती?" मी विचारले. तो म्हणाला, याचे एक उत्तर नाही. डोंगरातल्या चिखलात, दगडधोंड्यांतून चालवणाऱ्यांची दीड हजार किलोमीटरांतही जाते. डांबरी रस्ता, कोरडी हवा आणि निगा असेल तर चार-पाच हजारही ओढते. आमच्या पोरीची पहिली चेन सहा हजारांच्या घरात चालली होती. चालवली होती, म्हणा.

आणि जळके ऑइल? ते ऐकून मिस्त्री पहिल्यांदाच कळवळला. त्या तेलात काजळी आणि लोखंडाचा बारीक कीस असतो, त्यावर आमच्या रस्त्याची धूळ बसते. इंजिनाचे व्हॉल्व्ह घासून बसवायला जो मसाला लावतात, त्याचाच भाऊ तो. मी पोरीच्या चेनीला तेल पाजले नव्हते, पॉलिश पेपर गुंडाळला होता. त्याने दाखवलेली रीत अगदी साधी आहे. चेन आधी जुन्या बनियनच्या फडक्याने कोरडी पुसायची. फारच चिखल असेल तर डिझेलच्या ब्रशने धुऊन पूर्ण वाळू द्यायची. मग पातळ तेलाचा एकेक थेंब प्रत्येक सांध्यावर आतल्या बाजूने सोडायचा, पायडल उलटे फिरवायचे, घटकाभर थांबायचे आणि बाहेरचे तेल पुसून टाकायचे. तेल सांध्याच्या आत हवे असते, बाहेर दिसते ते फक्त धूळ धरते. आणखी एक सांगितले : पुढची मोठी चकती आणि मागचीही मोठी, असे चालवू नये. चेन तिरकी ओढली जाते आणि लवकर जाते.

त्याच्या भिंतीवर लक्ष्मणराव किर्लोस्करांचा फोटो होता. मी विचारले तेव्हा म्हणाला, त्यांनीही १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले होते, लोखंडी नांगर नंतरचा. मला नांगर माहीत होता, दुकान माहीत नव्हते.

तरीही माझी खोड जाईना. निघताना म्हणालो, "तुझं समदं खरं. पण माझी चेन वीस वर्षं टिकली, त्याचं काय?" तो हसला. "कव्हर होतं, चेन जाड होती, एकाच रेषेत सरळ चालायची. गिअरच्या पातळ चेनीपेक्षा ती लई टिकायची. पण वीस वर्षं दूध वाहून? काय म्हाईत, आबा."

घरी येऊन आधी फाटकाला बांधलेली चेन सोडून मोजली. एक सुताच्याही पुढे गेली होती. करडे माझ्याकडे बघत होती.

मग ट्रंक उघडली. नातीची आजी २०११ साली गेली. चौथी शिकलेली होती. दुधाचा पगार दर दहा दिवसांनी यायचा, त्याचा हिशेब ती वहीत लिहायची : पेंड, सरकी, डॉक्टर, मुलांच्या पाट्या. मला सायकलीवर चेनीचा खर्च कधी झालाच नाही हे त्या वहीतून काढून मिस्त्रीला दाखवायचे होते. वही चाळू लागलो. १९८१, आषाढ : "सायकल चेन." १९८४, आषाढ : "सायकल चेन व फ्री." १९८७ : "चेन." १९९० : "चेन व फ्री, ओव्हरऑइल." पुढे १९९२ मध्ये गावातच संकलन केंद्र झाले आणि दूध पायी नेता येऊ लागले. म्हणजे सायकलीने दूध वाहिले ते चौदा वर्षे. त्याची वीस कधी झाली, ते मला सांगता येणार नाही. चार चेनी आणि दोन फ्रीव्हील. दोन चेनींना एक. तालुक्याचा तरुण मिस्त्री जे सांगत होता, तेच चौथी शिकलेल्या बाईने लिहून ठेवले होते.

प्रत्येक वेळी आषाढच का, ते कळायला वेळ लागला नाही. आषाढात मी वारीला जायचो. माघारी दूध घालायचे काम धाकट्या भावाकडे असे. वही घेऊन तसाच त्याच्या वस्तीवर गेलो. तो भुईमूग वाळत घालत होता. वही बघून त्याने मान खाली घातली.

"दादा, तुमी वारीत होता. वढ्याच्या चढाला चेन उडाली आन् मी कॅनासकट वढ्यात गेलो. अडतीस लिटर दूध गेलं. हे बघा," म्हणून त्याने कोपराखालचा व्रण दाखवला. चाळीसेक वर्षे मी तो व्रण बघत होतो आणि बैलाने मारले असेल असे समजत होतो. "वैनीनं मला तसंच दुकानात धाडलं. अंड्यांच्या पैशातनं चेन आणली. म्हनाली, यांना सांगू नका. मग दर तीन वर्सांनी तीच काढून द्यायची पैसं."

"पण तू मला का न्हाई सांगितलंस?"

"तुमाला सांगून काय, दादा? तुमी तेल घातलं असतं."

त्यावर मला काही बोलता आले नाही. भुईमुगाच्या दोन शेंगा उचलून फोडत बसलो.

रात्री जेवताना सगळ्यांच्या देखत वही वाचून दाखवली. नातीसमोर म्हणालो, चेन वीस वर्षे टिकली हे खोटे होते, ते मी तुला शिकवले आणि तू पडलीस. थोरल्याला म्हणालो, सायकल विकायची नाही, कॅसेटचे पैसे माझ्या पेन्शनमधून. सूनबाईचे सहाशेही परत केले. ती घेईना, तेव्हा वहीत "येणे" म्हणून लिहून ठेवले, तशी घेतले.

प्लास्टर जानेवारीत निघाले. महिनाभर ती बोटे आवळायला पिठाचा गोळा मळायची. परीक्षेत शेवटच्या पुरवणीपर्यंत हात दुखला, असे म्हणाली, पण लिहिले. कॉलेजला ती पुन्हा सायकलीनेच गेली. पहिल्या दिवशी मी पुलापर्यंत मागे मोटारसायकलवर बसून गेलो होतो, हे तिला अजून माहीत नाही. आता ती त्याच कॉलेजात बी.एस्सी.ला आहे.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी फूटपट्टी घेऊन गोठ्यासमोर बसतो. पट्टी मी धरतो, पिन ती मोजते, कारण माझी नजर अर्ध्या सुताला पुरत नाही. दुसरी चेन २०२५ च्या दिवाळीआधी अर्ध्या सुतावर आली, तीन हजार किलोमीटरांच्या आसपास. ती काढली त्या दिवशी वहीत आजीच्या १९९० च्या नोंदीखाली नातीने लिहिले : "सायकल चेन." अक्षर उजव्या हाताचे आहे. पुढच्या वेळची चेन आणून कोनाड्यात ठेवली आहे, वहीच्या शेजारी.